तोंडपाहणी

ताराचंद गजभियेंना आयुष्यातली पहिली नोटीस मिळाली ती वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, आणि तीही न हसल्याबद्दल. दुसरी मिळाली त्यानंतर सव्वीस दिवसांनी, हसल्याबद्दल. दोन्ही नोटिसांवर सही एकाच माणसाची होती. आता तुम्ही म्हणाल, असं कसं होईल? झालं ना. झालं म्हणून तर सांगून राहिलो.

गजभिये म्हणजे धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनचे प्रमुख. हॉस्पिटलचं नाव कायले पाहिजे तुम्हाला? धंतोलीत डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो कोणत्या तरी हॉस्पिटलच्या पाटीलाच लागतो, त्यातलंच एक समजा. सत्तावीस वर्षं तेच काउंटर आणि तीच खुर्ची. उमरेड, काटोल, हिंगणघाट, पार तिकडे वणीपासून माणसं घाबरीघुबरी होऊन दारातून आत येत, आणि त्यांना पहिलं दर्शन व्हायचं ते गजभियेंच्या तोंडाचं. हे तोंड मुळातच गंभीर. ओठांची दोन्ही टोकं जन्मापासून खाली, भुवया एकमेकींना चिकटायला आलेल्या, आणि मधे जाड मिशी. लग्नाच्या अल्बममध्ये मायाबाई छान हसून राहिल्या आहेत आणि शेजारी गजभिये कुणाचा तरी अर्ज नामंजूर करायला बसले आहेत. स्वभावाने माणूस लोण्यासारखा मऊ, पण स्वभाव काही फोटोत येत नाही.

गंमत म्हणजे लोकांना तेच तोंड आवडायचं. आपल्याकडे दुखण्याच्या दारात कोणी दात काढत नाही. भेटायला आलेला माणूससुद्धा बाहेर चपला काढताना आधी तोंड पाडून घेतो, मग आत येतो. उमरेडकडच्या जिजाबाई तर या हॉस्पिटलच्या जुन्या गिऱ्हाईक. सुनेची दोन बाळंतपणं आणि स्वतःचा मोतीबिंदू याच दारात निभावलेला. या खेपेला म्हाताऱ्याला, म्हणजे भैय्याजींना, घेऊन आल्या होत्या. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले, ऑपरेशनची तारीख महिनाअखेरीची मिळाली. तारखेची चिठ्ठी घेताना त्या गजभियेंना म्हणाल्या, "तुमचं तोंड पाहून बरं वाटते गा भाऊ. बाकीचे समदे खिदळून राहिले. इथं माणूस दुखण्यानं मरून राहिला अन् याईची जत्रा चालली."

जिजाबाई हे बोलल्या तेव्हा काउंटरवर मशीन बसून बरोबर एक दिवस झाला होता.

मशीन आणलं मोहित सरांनी. वय एकतीस, गळ्यात ओळखपत्र, पुण्याहून व्यवस्थापन शिकून आलेले. आल्या आल्या त्यांच्या असं लक्षात आलं की हॉस्पिटलात वातावरण फार आजारी आहे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी रिसेप्शनवर चहाच्या डब्याएवढं एक यंत्र बसवलं. वर कॅमेरा, खाली पडदा. समोर कोणी आलं की लाल दिवा लागणार, यंत्र काउंटरवरच्या कर्मचाऱ्याच्या तोंडाचा फोटो घेणार, तोंडावर काय भाव आहे तो ओळखणार, आणि बाईच्या गोड आवाजात जाहीर करणार. त्याला सात गोष्टी ओळखता येत होत्या: आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस आणि तटस्थ. माणसाच्या तोंडावर याशिवायही काही असू शकतं, उदाहरणार्थ ॲसिडिटी, हे बनवणाऱ्यांना कोणी सांगितलं नसावं. महिन्याची सरासरी साठ टक्के आनंदाची यायला हवी. ज्याची येणार नाही त्याची बदली तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये. तिथे जुन्या फायली आणि झुरळं असतात, आणि दोघांपैकी कोणाचीच आपल्याकडे हसून पाहावं अशी अपेक्षा नसते.

पहिल्याच सकाळी लाल दिवा लागला आणि बाई म्हणाली, "राग. बहात्तर टक्के." गजभियेंनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. दुपारपर्यंत "दुःख, अठ्ठावन्न" झालं, आणि डब्यात कारलं निघालं तेव्हा जे झालं ते त्यांनी मायाबाईंना आजतागायत सांगितलेलं नाही. शेजारच्या काउंटरवरची पिंकी सव्वीस वर्षांची पोरगी, ती नुसता श्वास घ्यायची तरी बाई म्हणायची, "आनंद. ब्याण्णव टक्के." पिंकी मनाची चांगली. ती म्हणायची, "काका, सोपं आहे. फक्त गाल वर घ्या." गजभियेंना त्या दिवशी कळलं की आपण चोपन्न वर्षं गाल वर न घेता काढली.

चौथ्या दिवशी नोटीस आली. "आपल्या मुद्रेमुळे संस्थेच्या प्रसन्नतेस बाधा पोहोचत आहे. सात दिवसांत खुलासा करावा."

"सर, मी तर तोंड आहे तसंच घरून आणलं," गजभिये म्हणाले.

"तोच तर मुद्दा आहे," मोहित सर म्हणाले. "वैयक्तिक घेऊ नका. तुमच्या चेहऱ्याबद्दल आहे हे, तुमच्याबद्दल नाही."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. गजभियेंना खरंच भीती वाटली. तळघर म्हणजे काही काळं पाणी नव्हे, पंखा आहे, खुर्चीही बरी आहे. पण तिथे माणूस येत नाही. सत्तावीस वर्षं ज्याने आल्या गेल्याला सांगितलं की घाबरू नका, डावीकडून लिफ्ट, दुसरा मजला, तुमची शेवटची बस पावणेसातला आहे, त्याने फायलींना काय सांगायचं? ही खुर्ची गेली तर आपण कोणाच्याच कामाचे राहणार नाही असं त्यांना वाटलं.

खुलासा त्यांनी रीतसर दिला. तो मशीनच्या कंपनीकडे गेला. उत्तर आलं, आपल्या चेहऱ्याची मूळ तटस्थ नोंद उपलब्ध नाही, त्यामुळे मोजणीत फरक येत आहे. कृपया मशीनसमोर तटस्थ उभे राहून हिरवे बटण दाबावे. मशीनने 'तटस्थ' म्हटले की नोंद पूर्ण होईल. गजभिये उभे राहिले, बटण दाबलं. बाई म्हणाली, "राग. कृपया तटस्थ व्हा." पुन्हा दाबलं. "राग. कृपया तटस्थ व्हा." असं बारा वेळा झालं. तेराव्या वेळी गजभियेंना खरोखरच राग आला, आणि बाई म्हणाली, "भीती. चौऱ्याण्णव टक्के. कृपया तटस्थ व्हा." मग त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, सर, तुमचा चेहरा नॉर्मल आहे का? गजभिये म्हणाले, "आजवर तं कोणी तक्रार नाही केली, मॅडम. तुम्ही हे मशीन शिकवलं कशावर?" ती म्हणाली, लाखो चेहऱ्यांवर. गजभियेंनी विचारलं, त्या लाखोंत उमरेड, भिवापूरकडचा एखादा तरी होता काय? ती म्हणाली, टीमला विचारून सांगते. ती अजून विचारून राहिली आहे.

घरी मनीषनगरात ही गोष्ट लपून राहणं शक्यच नव्हतं. शेजारी नानाजी राहतात. निवृत्त ड्रॉइंग मास्तर, आणि बागेतल्या हास्य क्लबचे संस्थापक. आपल्या विषयातली अडचण चालून दारी आली म्हटल्यावर माणसाला किती आनंद व्हावा? नानाजी सकाळी सहाला गजभियेंना बागेत घेऊन गेले. वीस-बावीस माणसं हात वर करून हो हो हा हा करत होती. गजभियेंनीही केलं. तीन मिनिटांनी एका बाईने चिंतेने विचारलं, "यांना कोणी धरा ना, काही होऊन राहिलं काय त्यांना?" नानाजींनी मग शास्त्रीय मार्ग धरला. तीळतेलाने गालाची मालिश, सकाळ-संध्याकाळ शंभर शंभर हात. दातात आडवी पेन्सिल धरून बसणं. पेन्सिलीचा प्रयोग काउंटरवर केला तेव्हा मशीन म्हणालं, "आश्चर्य." समोरच्या पेशंटच्या तोंडावरही तेच होतं.

"मी म्हणते, तुम्ही दूर कायले जाता," मायाबाई म्हणाल्या. बैठकीत तथागतांची मूर्ती आहे, तिच्याकडे त्यांनी बोट केलं. "रोज वंदना घेता समोर बसून. इतक्या वर्षांत तेवढं तरी उचलायचं."

गजभियेंना हे पटलं. तीन दिवस त्यांनी मूर्तीसमोर बसून ते मंद स्मित डोळे भरून पाहिलं, आरशात घोटलं, आणि चौथ्या दिवशी काउंटरवर नेलं. मशीन म्हणालं, "दुःख." मग एक शंका आली म्हणून त्यांनी मोबाइलमधला मूर्तीचा फोटोच कॅमेऱ्यापुढे धरला. मशीन म्हणालं, "तटस्थ. एकाहत्तर टक्के." म्हणजे खुद्द तथागत या हॉस्पिटलात रिसेप्शनवर बसले असते तर त्यांनाही साठ टक्के पडले नसते. गजभियेंना जरा धीर आला, पण मोहित सरांच्या परिपत्रकात अशी सवलत कुठे नव्हती.

सगळ्यांचे उपाय हरले तेव्हा नानाजींनी शेवटचा बाण काढला. मिशी. मिशीमुळे ओठाची टोकं झाकली जातात, मशीनला हसू दिसतच नाही. तीस वर्षांची मिशी गजभियेंनी रविवारी उतरवली. सकाळची हजेरीही हेच मशीन तोंड पाहून लावायचं. सोमवारी गजभिये त्याच्यासमोर बसले. बाई म्हणाली, "अनोळखी व्यक्ती." दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी आस्थापना विभागातल्या बाईंनी बोलावून सांगितलं, तुम्ही दोन दिवस गैरहजर आहात.

"मी तुमच्यासमोर उभा आहो, मॅडम."

"उभे आहात हो. हजर नाही आहात." नवीन चेहरा नोंदवता येतो, पण हजर असलेल्यांनाच, असा नियम निघाला. तेव्हा आधी गजभियेंनी ज्या दोन दिवशी दिवसभर काम केलं त्या दोन दिवसांचा आजारपणाच्या रजेचा अर्ज द्यायचा, मग हजर व्हायचं, मग चेहरा नोंदवायचा. अर्जाला डॉक्टरचा दाखला हवा. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांशी सत्तावीस वर्षांची ओळख, त्यांनी आजाराच्या रकान्यात 'मिशीनिर्मूलन' असं लिहून दिलं. दाखला मंजूर झाला, कारण तो कोणी वाचला नाही. नवीन तोंड नोंदवलं गेलं आणि मशीन पहिल्यासारखंच म्हणालं, "राग." मिशी मात्र गेली ती गेली.

आणि मग अंकुशने मार्ग दाखवला, तोही नकळत. अंकुश म्हणजे वॉर्डबॉय. बायको माहेरी रुसून बसलेली, तिची आई फोन उचलत नाही, तोंड सदा उतरलेलं. पण डाव्या गालात चोवीस तास खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला हा मसाला म्हणजे आपल्या नागपूरचा खास रोग. गजभिये मनीषनगरच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष, त्यामुळे अंकुश त्यांना पाहिलं की तोंड फिरवायचा. त्या दिवशी फाइल ठेवायला तो काउंटरच्या आत आला, समोर पेशंट होता, दिवा लागला, आणि बाई म्हणाली, "आनंद. एकोणनव्वद टक्के."

गजभिये उठून उभे राहिले. त्यांनी अंकुशचं तोंड निरखून पाहिलं. डोळे रडके, कपाळ आठ्यांचं, पण खर्ऱ्याच्या गोळ्याने गाल वर ढकलला होता आणि ओठाचं टोक त्याच्यासोबत वर गेलं होतं. मशीनला एवढंच कळत होतं.

"साहेब, सांगू नका कोणाले," अंकुश म्हणाला. "सोडून राहिलो मी."

"सोडू नको आत्ता. इकडे तोंड कर," व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष म्हणाले.

खर्रा खाणं शक्यच नव्हतं. गजभियेंनी त्यावर तोड काढली ती संत्रागोळीची. टपोरी घ्यायची, चघळायची नाही, डाव्या गालात वरच्या बाजूला दाबून ठेवायची. पहिली गोळी ठेवली आणि मशीन म्हणालं, "आनंद. चौऱ्याऐंशी टक्के." पिंकीने टाळ्या वाजवल्या. दोन गोळ्या, एकेका गालात एकेक, ठेवल्या तर त्र्याण्णवपर्यंत जायचं. सरासरी दिवसागणिक चढायला लागली. मोहित सर जाता-येता अंगठा दाखवू लागले. एकच अडचण होती, गोळी ठेवली की बोलता येत नसे. तेव्हा गजभिये हूं म्हणायचे, मान हलवायचे, बोटाने लिफ्ट दाखवायचे. घाबरू नका, हे शब्द तेवढे बंद झाले. ते त्यांना खटकायचं, पण साठ टक्के गाठल्यावर पुढच्या महिन्यात पाहू, असं ते मनाला सांगायचे.

व्हायचं ते घरी झालं. बस थांब्यावर नानाजींनी त्यांचा फुगलेला गाल पाहिला. घरी मायाबाईंनी जीभ पाहिली, ती नारिंगी. सवय लागल्यासारखे गजभिये आता घरीही बोलताना जरा थांबून, तोंड सावरून बोलत होते, आणि हे लक्षण समितीच्या पत्रकातच छापलेलं होतं, गजभियेंनीच लिहिलेलं. दोन दिवसांत समितीची तातडीची सभा लागली. विषय: माननीय अध्यक्षांचा गाल. सभेला अध्यक्ष म्हणून गजभियेंनाच बसावं लागलं, घटनेत दुसरी सोय नव्हती. त्यांनी सगळं खरं सांगितलं. हसण्यासाठी गोळी ठेवतो म्हणाले. मग नानाजी अतिशय प्रेमाने म्हणाले, "गजभिये साहेब, सगळेच सुरुवातीले असंच काही सांगतात." शेवटी अध्यक्षांनी सात सभासदांना ओळीने तोंड उघडून दाखवलं. एका सभासदाने बॅटरी आणली होती. इतिवृत्तात 'आक्षेपार्ह काही आढळले नाही, मात्र दाढ किडली आहे' अशी नोंद झाली. घरी आल्यावर मायाबाई म्हणाल्या, "त्या खुर्चीसाठी इतकं?" गजभियेंनी काउंटरवरच्यासारखं हूं म्हटलं आणि मान हलवली. त्या वेळी तोंडात गोळीही नव्हती.

अशात एकोणतीस तारीख उजाडली. सरासरी साठ पूर्णांक चार. फक्त दोन दिवस तोंड सांभाळायचं होतं. भैय्याजींचं ऑपरेशन परवाच झालेलं, वरच्या मजल्यावर आराम चालला होता. त्यांना अजून दोन दिवस ठेवायचं होतं. साडेदहाला जिजाबाई हातात डबा घेऊन काउंटरवर आल्या. वर डॉक्टर इंग्रजीत बोलले, सिस्टर घाईत बोलली, त्यांना काही उमगलं नव्हतं. म्हणून त्या नेहमीच्या तोंडाकडे आल्या.

"कसे हायत गा भाऊ आता आमचे म्हातारे? नेऊ काय त्याईले घरी?"

लाल दिवा लागला. गजभियेंच्या दोन्ही गालांत गोळ्या होत्या. त्यांना म्हणायचं होतं, थांबा, वर विचारून सांगतो. तोंड उघडणं शक्य नव्हतं. त्यांनी हूं म्हटलं, मान हलवली, एक मिनिट म्हणून एक बोट वर केलं, आणि फोन उचलायला वळले. बाई म्हणाली, "आनंद. पंच्याण्णव टक्के."

आता जिजाबाईंच्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? ज्या माणसाचं तोंड इतक्या वर्षांत एकदा हललं नाही, तो आज दोन्ही गालांनी हसला. मान हलवली. वर बोट केलं, म्हणजे जा, वरून घेऊन जा. म्हातारा एकदम ठणठणीत झाला असल्याशिवाय हा माणूस असा हसेल काय? जिजाबाई वर गेल्या, भैय्याजींना उठवलं, अंगावर शाल टाकली, लिफ्टने खाली आणलं, आणि मागच्या दाराने ऑटोत बसवून घेऊन गेल्या. दाराशी पहारेकऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, गजभिये साहेबांनी सांगितलं. त्याने सलाम केला.

अर्ध्या तासात बोंबाबोंब झाली. पलंग रिकामा. गजभियेंनी दोन्ही गोळ्या थुंकल्या आणि कोणालाही न विचारता धावत सुटले. दिघोरी चौकात उमरेडच्या बसचा थांबा, तिथे ते सापडले. भैय्याजी हॉस्पिटलच्या हिरव्या झग्यात बाकावर बसले होते, हाताला सलाइनची सुई पट्टीने चिकटवलेली, आणि दुसऱ्या हातात तर्री पोह्यांची प्लेट. वर तर्रीचा लालभडक, तेलकट रस्सा. पित्ताची पिशवी काढून दोन दिवस झालेला माणूस पहिला घास तोंडाशी नेत होता. गजभियेंनी प्लेट हिसकावली. भैय्याजी इतके दुखावले की ऑपरेशनच्या वेळीही तेवढे दुखावले नसतील.

"काहून गा? बरा झालो ना मी?" ते म्हणाले. "तुम्ही हसले म्हणते."

जिजाबाई गजभियेंकडे पाहत राहिल्या. गजभिये धापा टाकत होते, गाल पुन्हा खाली आलेले, तोंड पहिल्यासारखं. त्यांनी हात जोडून सगळं सांगितलं, मशीन, गोळी, साठ टक्के. जिजाबाईंनी ऐकून घेतलं.

"मी तुमच्या तोंडाच्या भरोशावर नेलं त्याईले," त्या म्हणाल्या. "डॉक्टरच्या नाही."

नोटीस, बदली, समितीची बॅटरी, सगळ्यांपेक्षा गजभियेंना हे जास्त लागलं. त्यांनी दोघांना ऑटोत बसवून परत आणलं. भैय्याजी वाटभर पोह्यांविषयी बोलत होते.

भैय्याजींना काही झालं नाही, डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं. पण या सगळ्यात तीन तास गेले. त्या तीन तासांत समोर लोक येत गेले आणि मशीनने रिकाम्या खुर्चीचे फोटो घेतले. प्रत्येक वेळी बाई म्हणाली, "तटस्थ. शंभर टक्के." महिनाभर गजभियेंना जे जमलं नाही ते खुर्चीने एकटीने करून दाखवलं. सरासरी घसरून अठ्ठावन्नवर आली. आणि तीस तारखेला दुसरी नोटीस आली: "आपण रुग्णाच्या नातेवाइकाकडे पाहून दिशाभूल करणारे हास्य केले."

"सर, तुम्हीच म्हणाले हसा म्हणून."

"हसायचं होतं," मोहित सर शांतपणे म्हणाले. "पण हसण्यातून काही सांगायचं नव्हतं. आपल्या हसण्याला अर्थ नसतो, गजभिये. ते उद्यापासून तळघरात समजून घ्या."

एक तारखेला सकाळी गजभिये काउंटरवर आले ते सामान आवरायला. चाव्या पिंकीला द्यायच्या होत्या. ड्रॉवरमध्ये विशेष काही नव्हतं. शिक्का, दोन पेनं, आणि पुठ्ठ्यावर डकवलेला एक कागद. सगळ्या गावांच्या शेवटच्या बसच्या वेळा त्यांनी हाताने लिहिलेल्या, बदलल्या की खोडून पुन्हा लिहिलेल्या. तो कागद त्यांनी पिंकीपुढे सरकवला. "उमरेडची पावणेसातची आता साडेसहाला सुटते," ते म्हणाले, "सांगत जाशील, बाई. लोकं वर बसून राहतात अन् बस चुकते." पिंकीने मान खाली घातली. गजभियेंनी चाव्यांचा जुडगा पुढे केला आणि त्यांच्याने तो सोडवेना. त्यांनी ओठ घट्ट मिटायचा प्रयत्न केला, ते मिटले नाहीत, दोन्ही बाजूंना ताणले गेले, गाल वर चढले, डोळे बारीक झाले, वरचे दात दिसायला लागले.

समोर कोणीतरी येऊन उभं राहिलं होतं. लाल दिवा लागला.

"आनंद," बाई म्हणाली. "अठ्ठ्याण्णव टक्के. अभिनंदन." आणि मशीनमधून कोणी कधीच ऐकलं नव्हतं असं एक छोटं संगीत वाजलं. अठ्ठ्याण्णव आजवर पिंकीलाही पडले नव्हते.

मोहित सर केबिनमधून जवळजवळ पळतच आले. त्यांनी पडदा पाहिला, गजभियेंचा खांदा धरला. "पाहिलंत? मनापासून केलं की जमतं. मुख्य कार्यालयातही दिसलं असणार हे. तळघर रद्द. चाव्या ठेवा तुमच्याचकडे. आणि हा चेहरा सोडू नका, गजभिये. उद्यापासून रोज अगदी असाच हवा."

गजभियेंच्या गालावरून पाणी ओघळून हनुवटीपर्यंत आलं होतं. चाव्या त्यांच्याच मुठीत होत्या. आसपासचे दोघेतिघे टाळ्या वाजवायला लागले.

काउंटरपुढे जिजाबाई उभ्या होत्या. हातात भैय्याजींच्या सुट्टीचा कागद, या खेपेला खरा, शिक्क्यासाठी आणलेला. त्यांनी गजभियेंच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं आणि पदराने काउंटरवरची धूळ पुसावी तशा सहज म्हणाल्या, "काहून रडून राहिले गा भाऊ?"

"आजी, रडत नाहीत ते," मोहित सर म्हणाले. "हसताहेत. हे पाहा, अठ्ठ्याण्णव टक्के."

जिजाबाईंनी मोहित सरांकडे पाहिलं. मग काउंटरला वळसा घालून आत आल्या, मशीनपुढे वाकल्या आणि कॅमेऱ्यात डोळे घातले.

"या डब्ब्याच्या घरी अजून कोणी मेलं नाही वाटते," त्या म्हणाल्या.

लाल दिवा लागला. "राग," बाई म्हणाली. "सत्त्याण्णव टक्के." बसवल्यापासून त्या मशीनचं पहिल्यांदाच बरोबर आलं.